हजार तबकड्या आणि एक न झालेला प्रयोग

६ जून १९९६ रोजी स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात एका कॉलेजने एक एलपी काढली. हो, कॉलेजनेच. स्टो कॉलेज हे काही संगीताचं नामांकित विद्यापीठ नव्हतं. नोकरीधंद्याचं शिक्षण देणारं, आपल्याकडच्या आयटीआय आणि पॉलिटेक्निकच्या मध्ये कुठेतरी बसेल असं ते कॉलेज. तिथे 'म्युझिक बिझनेस' नावाचा एक अभ्यासक्रम होता आणि त्याचं प्रात्यक्षिक म्हणून विद्यार्थी दरवर्षी एखाद्या स्थानिक बँडची रेकॉर्ड काढायचे. लेबलचं नाव 'इलेक्ट्रिक हनी'. एरवी ही रेकॉर्ड म्हणजे एक सिंगल असायची, एखाददुसऱ्या गाण्याची. त्या वर्षी निवडलेल्या बँडकडे गाणी इतकी तयार होती की पूर्ण अल्बमच करायचं ठरलं. तीन दिवसांत रेकॉर्डिंग उरकलं. फक्त विनाइलवर, फक्त १००० प्रती. अल्बमचं नाव 'टायगरमिल्क', बँडचं नाव बेल अँड सबॅस्टियन.

पुढची गोष्ट इंडी पॉप ऐकणाऱ्यांना पाठ असते. (ज्यांना हा शब्द नवा आहे त्यांच्यासाठी: इंडी म्हणजे इंडिपेंडंट, मोठ्या कंपन्यांच्या बाहेर, छोट्या लेबलांवर निघणारं संगीत. पण हळूहळू तो एका विशिष्ट आवाजाचा आणि स्वभावाचाही शिक्का झाला.) हजार प्रती हातोहात गेल्या, कॅसेटवर उतरवून गावोगाव पोचल्या, मूळ एलपीला शेकडो पौंड मोजायला लोक तयार झाले आणि अडीच वर्षांत या बँडला ब्रिट पुरस्कार मिळाला. ही गोष्ट सांगणारे शेवटी हमखास म्हणतात, चांगलं संगीत आपली वाट शोधतंच.

या वाक्याशी माझं भांडण आहे. या ब्लॉगवर मी एरवी नेटवर्क आणि माणसांच्या सामूहिक वर्तनावरचं संशोधन सोपं करून सांगते. आजचा लेख इतिहासाचा असला तरी प्रश्न तोच आहे: एखादी गोष्ट गाजली, म्हणजे ती गाजणारच होती का?

आधी माणसांकडे बघू. गाणी लिहिणारा स्टुअर्ट मर्डॉक १९८०च्या दशकाच्या शेवटी आजारी पडला. एमई किंवा क्रॉनिक फटीग सिंड्रोम. ज्यात थकवा झोपून जात नाही आणि बाहेरून बघणाऱ्याला 'काही झालंय' असं वाटतही नाही. जवळपास सात वर्षं तो कामधंद्याच्या जगातून बाहेर होता. या रिकाम्या, बंद वर्षांमध्ये तो गाणी लिहायला लागला. थोडं बरं वाटायला लागल्यावर १९९०च्या दशकाच्या मध्यात तो 'बीटबॉक्स' नावाच्या योजनेत गेला. बेकार संगीतकारांसाठीची सरकारी योजना ती. तिथे त्याला स्टुअर्ट डेव्हिड भेटला, जो पुढे बँडचा बेस वादक झाला. दोघांनी काही डेमो केले. ते डेमो स्टो कॉलेजच्या त्या अभ्यासक्रमापर्यंत पोचले. तो चालवत होता अ‍ॅलन रँकिन, 'द असोसिएट्स' या स्कॉटिश बँडचा एके काळचा वादक, ज्याने १९८२ साली स्वतः हिट गाण्यांची चव घेतली होती. आणि रिचर्ड कोलबर्न, जो बँडचा ड्रमर झाला, तो याच अभ्यासक्रमाचा विद्यार्थी होता.

आता जरा मोजा. आजारपणात जगता येईल इतका आधार, बेकारांसाठीची योजना, सरकारी कॉलेजातला एक विचित्र अभ्यासक्रम, तिथे योगायोगाने शिकवायला असलेला एक जाणकार. यातली एकही गोष्ट 'बाजार' नव्हे. मर्डॉक तर त्या काळात एका चर्चच्या हॉलची देखभाल करायचा आणि तिथेच वर राहायचा. 'चांगलं संगीत आपली वाट शोधतं' म्हणताना ही वाट कोणी बांधली, तिच्यावर दिवे कोणी लावले, हे गाळलं जातं. मला ते गाळणं खटकतं, कारण अशा वाटा बंद करताना नेमका हाच युक्तिवाद वापरतात: गुणवान असेल तो येईलच की वर.

बरं, अल्बम होता कसा? १९९६ चा ब्रिटन डोळ्यांसमोर आणा. ऑगस्टमध्ये ओएसिस या बँडने नेबवर्थला दोन रात्री मैफल केली, रोज सुमारे सव्वा लाख लोक. ब्रिटपॉपचा कळस. मोठे गिटार, मोठे आवाज, मोठी छाती. आणि इकडे हा अल्बम: जवळपास पुटपुटल्यासारखा गाणारा आवाज, चेलो, कीबोर्ड, अकूस्टिक गिटार. गाण्यांमध्ये शाळेतली एकटी पोरं, बस, चर्च, पुस्तकं, कोणाचंतरी फसलेलं लग्न. नाजूक म्हणावं तर मध्येच असा एखादा चावरा विनोद येतो की आपण परत मागे नेऊन ऐकतो. बँडचं नावही लहान मुलांच्या एका फ्रेंच पुस्तकावरून आलेलं, सेसील ओब्री यांच्या, एक मुलगा आणि त्याचा मोठा कुत्रा यांच्या गोष्टीवरून. मुखपृष्ठावर वाघाचं खेळणं. ज्याला हे सगळं गोड-गोड वाटेल त्याला ते अजिबात सहन होणार नाही, आणि ज्याला आवडेल त्याला वाटेल की हे खास माझ्यासाठीच केलंय. स्वागताच्या दृष्टीने हा मुद्दा महत्त्वाचा आहे. सगळ्यांना थोडं-थोडं आवडणारं आणि थोड्यांना प्रचंड आवडणारं संगीत, या दोघांचं पसरणं वेगळ्या गणिताने चालतं.

पसरणं सुरू झालं ते रेडिओवरून. बीबीसीच्या रेडिओ १ वर मार्क रॅडक्लिफच्या कार्यक्रमासाठी बँडने जुलै १९९६ मध्येच गाणी रेकॉर्ड केली, म्हणजे अल्बम आल्यावर महिन्याभरात. मग लंडनच्या 'जीपस्टर' या छोट्या लेबलने त्यांना करारबद्ध केलं आणि नोव्हेंबर १९९६ मध्ये दुसरा अल्बम आला, 'इफ यू आर फीलिंग सिनिस्टर'. एकाच वर्षात दोन अल्बम. दुसरा दुकानात मिळत होता, पहिला मिळत नव्हता. ही परिस्थिती मुद्दाम आखली असती तर तिला विपणनाचा उत्तम नमुना म्हणाले असते.

जो 'सिनिस्टर' ऐकून वेडा झाला त्याला आधीचं हवं, आणि आधीचं फक्त हजार घरांत. मग कॅसेट. मित्राच्या मित्राकडून, टपालाने. ज्यांचा कॅसेटशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी एक भौतिकशास्त्रीय टीप: अ‍ॅनालॉग प्रतीची प्रत काढली की प्रत्येक पिढीत नवी खरखर मिसळते आणि वरचे सूर थोडे बोथट होतात. मूळ विनाइलपासून तिसऱ्या-चौथ्या पिढीची कॅसेट ऐकणाऱ्याने खरं तर वेगळाच अल्बम ऐकला, धुक्यातला. आणि ती खरखरच सांगत होती की ही वस्तू किती हातांमधून आली आहे.

त्यात बँडने पत्रकारांना टाळलं. सुरुवातीची काही वर्षं मुलाखती जवळपास नाहीत, बँडचे सरळ फोटो नाहीत, मैफली मोजक्या. ही रणनीती होती की मर्डॉकच्या प्रकृतीची आणि स्वभावाची गरज, यावर चाहते वाद घालतात. मला दुसरं पटतं. सात वर्षं आजारपणात काढलेल्या माणसाकडून रोज नव्या पत्रकाराशी गप्पा मारण्याची अपेक्षा करणंच विचित्र. पण परिणाम असा झाला की माहितीची पोकळी निर्माण झाली, आणि ती चाहत्यांनी आपसांत बोलून भरली. 'सिनिस्टर' याच नावाची एक ईमेल यादी होती, तिच्यावर जगभरचे लोक एकमेकांना लांबलचक पत्रं लिहायचे. यातले बरेच जण विद्यार्थी होते, आणि याचं कारण रसिकता एवढंच नाही. ब्रिटनमधली विद्यापीठं १९८४ पासून 'जॅनेट' या शैक्षणिक नेटवर्कने जोडलेली होती. घरच्या इंटरनेटला मिनिटागणिक फोनचं बिल यायचं, कॉम्प्युटर लॅबमध्ये येत नव्हतं.

हे लक्षात ठेवून १६ फेब्रुवारी १९९९ कडे या. ब्रिट पुरस्कार. नवोदितांचा पुरस्कार रेडिओ १ च्या श्रोत्यांच्या मतांवर ठरणार होता, आणि इंटरनेटवरून मत देता येत होतं. नामांकनात 'स्टेप्स' होते, ज्यांची गाणी तेव्हा ब्रिटनमधल्या प्रत्येक शाळेच्या स्नेहसंमेलनात वाजत असणार. जिंकले बेल अँड सबॅस्टियन. तेव्हा त्यांचा तिसरा अल्बम येऊन पाच महिने झाले होते, त्यामुळे 'नवोदित' हा शब्दही गमतीचाच. स्टेप्सच्या बाजूने गैरप्रकाराचा आरोप झाला, वर्तमानपत्रांनी तो उचलून धरला, विद्यापीठांच्या कॉम्प्युटरवरून आलेल्या मतांच्या बातम्या आल्या. पुरस्कार बँडकडेच राहिला.

हे प्रकरण 'चाहत्यांची सत्ता' किंवा 'लबाडी' अशा दोन टोकांनी सांगितलं जातं. मला त्यात पहिल्या वर्षाच्या संख्याशास्त्रातला धडा दिसतो: नमुना कसा निवडला यावर उत्तर ठरतं. स्टेप्स ऐकणाऱ्या दहा-बारा वर्षांच्या मुलींकडे १९९९ साली इंटरनेट नव्हतं. बेल अँड सबॅस्टियन ऐकणाऱ्या वीस वर्षांच्या विद्यार्थ्यांकडे चोवीस तास फुकट होतं. कोणी एकही खोटं मत दिलं नसतं तरी मोजपट्टी एका बाजूला झुकलेलीच होती. त्याआधीची कित्येक वर्षं ती दुसऱ्या बाजूला झुकलेली होती (ज्यांच्याकडे जाहिरातीचे पैसे, त्यांच्याकडे), पण तेव्हा कोणी चौकशीची मागणी केली नव्हती.

आणि समीक्षक? तिसरा अल्बम 'द बॉय विथ द अरब स्ट्रॅप' सप्टेंबर १९९८ मध्ये आला, ब्रिटिश विक्रीयादीत १२ व्या क्रमांकापर्यंत गेला. अमेरिकेतल्या 'पिचफोर्क' या संकेतस्थळाने त्याला दहापैकी ०.८ गुण दिले. आठ नव्हे, शून्य दशांश आठ. पुढे ती समीक्षा संकेतस्थळावरून गायब झाली. त्याच पिचफोर्कने २००३ साली १९९०च्या दशकातल्या उत्तम अल्बमची यादी केली तेव्हा 'सिनिस्टर' १४ व्या क्रमांकावर होता. गाणी तीच, गुण देणारे हात वेगळे.

आता प्रयोगाकडे वळते. इतिहासाची अडचण ही की तो एकदाच घडतो. १९९६ पुन्हा दहा वेळा चालवून बघता आलं असतं, तर दहापैकी किती वेळा 'टायगरमिल्क' गाजला असता हे कळलं असतं. १९९६ परत आणता येत नाही, पण मॅथ्यू सालगानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स या तिघांनी त्याची छोटी आवृत्ती बांधली. त्यांचा शोधनिबंध फेब्रुवारी २००६ मध्ये 'सायन्स'मध्ये आला. त्यांनी अनोळखी बँडची ४८ गाणी एका संकेतस्थळावर ठेवली आणि एकूण १४,३४१ लोकांना तिथे आणलं. गाणं ऐका, गुण द्या, हवं तर डाउनलोड करा. युक्ती अशी: येणाऱ्याला चिठ्ठी टाकल्यासारखं वेगवेगळ्या 'जगां'मध्ये पाठवलं जायचं. एका जगात इतरांनी काय डाउनलोड केलंय ते दिसतच नव्हतं. तिथली क्रमवारी म्हणजे गाण्याची 'स्वतःची' गुणवत्ता असं धरलं. बाकीच्या आठ जगांत आकडे दिसायचे, पण फक्त त्या-त्या जगातले. म्हणजे एकच इतिहास शून्यापासून आठ वेळा सुरू केला.

निष्कर्ष दोन. पहिला, आकडे दिसले की विषमता वाढते: गाजलेली गाणी आणखी गाजतात, मागे पडलेली आणखी मागे. गाणी क्रमवारीने लावून दाखवली की हा परिणाम अजून तीव्र होतो. हे थोडंफार अपेक्षित होतं. दुसरा निष्कर्ष जास्त अस्वस्थ करणारा आहे: *कोणतं* गाणं गाजेल हे जगागणिक बदललं. '५२मेट्रो' नावाच्या बँडचं 'लॉकडाउन' हे गाणं गुणवत्तेत ४८ पैकी २६ वं, अगदी मधलं. एका जगात ते पहिलं आलं, दुसऱ्या जगात चाळिसावं. गुणवत्तेत पहिल्या पाचात असलेल्या गाण्यांनाही लोकप्रियतेत पहिल्या पाचात येण्याची संधी साधारण निम्मीच होती. मात्र सर्वांत चांगली गाणी क्वचितच तळाला गेली आणि सर्वांत वाईट क्वचितच वर आली. मधला सगळा मुलूख नशिबाचा.

संशोधन करणाऱ्यांना यात नवीन काही वाटणार नाही. आधीच चार वेळा उद्धृत झालेला शोधनिबंध पाचव्यांदा उद्धृत होणं सोपं असतं. रॉबर्ट मर्टन यांनी १९६८ सालीच याला 'मॅथ्यू इफेक्ट' म्हटलं, 'सायन्स'मध्येच. आमच्या लॅबमध्ये याला कोणी इफेक्ट म्हणत नाही, याला 'सरांचं नाव पहिलं टाक' म्हणतात.

मग बेल अँड सबॅस्टियन हे निव्वळ 'लॉकडाउन' होते का? तसं म्हणणंही सोपं उत्तर होईल, आणि त्याविरुद्ध एक पुरावा आहे. तो बँडमध्ये नाही, इलेक्ट्रिक हनीमध्ये आहे. त्याच कॉलेजच्या त्याच लेबलवर १९९७ साली 'स्टारफायटर पायलट' ही ईपी निघाली. तो बँड लवकरच नाव बदलून स्नो पॅट्रोल झाला. २००० साली बिफी क्लायरोची सुरुवातीची ईपी तिथूनच आली. दोघेही पुढे बेल अँड सबॅस्टियनपेक्षा कितीतरी मोठ्या मैदानांत वाजवू लागले. वर्षाला एक रेकॉर्ड काढणाऱ्या, विद्यार्थ्यांनी चालवलेल्या लेबलला चार-पाच वर्षांत असे तीन बँड सापडणं हे केवळ नाणेफेकीने होत नाही. तिथे कोणीतरी कान देऊन ऐकत होतं. आणि त्याच वेळी, त्या लेबलच्या इतर बहुतेक वर्षांच्या रेकॉर्डची नावं तुम्हीआम्ही ऐकलेली नाहीत. त्याच कानांनी निवडलेली, त्याच खोल्यांत पॅक झालेली.

म्हणून मी या दोन गोष्टी वेगळ्या ठेवते. गाणी चांगली होती, आणि त्यामुळे बँड तळाला जाण्याची शक्यता कमी होती. पण वर किती जायचं हे ठरलं ते हजारच प्रती काढण्यामुळे, दुसरा अल्बम पाच महिन्यांत येण्यामुळे, विद्यापीठांत फुकट इंटरनेट असण्यामुळे. या सगळ्यांच्या आधी, स्पर्धेत ४८ गाण्यांपैकी एक होण्यासाठी, ते रेकॉर्ड व्हावं लागतं. सालगानिक यांच्या प्रयोगात ४८ गाणी सुरुवातीलाच हजर होती. खऱ्या जगात ४९ वं गाणं अंथरुणात पडून असतं आणि त्याची कुठल्याच जगात नोंद होत नाही.

'(५००) डेज ऑफ समर' या २००९ च्या चित्रपटात याची छान थट्टा आहे. नायिका शाळेच्या स्मरणिकेत या बँडच्या गाण्यातली ओळ टाकते आणि मिशिगनमध्ये अल्बमची विक्री अचानक का उसळली हे कंपन्यांच्या विश्लेषकांना कळतच नाही. मी हा प्रसंग एकदा ज्युनियर विद्यार्थ्यांना मॅथ्यू इफेक्ट शिकवताना वापरला होता. आलेखापेक्षा तोच त्यांच्या लक्षात राहिला.

'टायगरमिल्क' १९९९ साली जीपस्टरने सगळ्यांसाठी पुन्हा काढला आणि तो ब्रिटिश यादीत १३ व्या क्रमांकावर गेला. म्हणजे ज्या अल्बमच्या हजार प्रती निघाल्या होत्या, तोच अल्बम, एक सूरही न बदलता, तीन वर्षांनी. दुसऱ्या अल्बमच्या बाबतीत बँडने स्वतःच वेगळा प्रयोग केला. 'सिनिस्टर'चं मूळ रेकॉर्डिंग मर्डॉकला कधीच समाधानकारक वाटलं नव्हतं. गाणी उत्तम, आवाज पातळ, असं त्याचं मत. सप्टेंबर २००५ मध्ये लंडनच्या बार्बिकन सभागृहात बँडने तो अख्खा अल्बम क्रमाने वाजवला आणि डिसेंबरमध्ये त्याचं रेकॉर्डिंग प्रसिद्ध केलं. उत्पन्न काश्मीर आणि पाकिस्तानातल्या त्या ऑक्टोबरच्या भूकंपग्रस्तांच्या निधीला दिलं. आवाज खरंच भरीव आहे, वादन जास्त सफाईचं आहे. दोन वर्षांनी, २००७ मध्ये, स्कॉट प्लेगनहोफ यांनी या अल्बमवर एक छोटं पुस्तक लिहिलं. ते १९९६च्या पातळ आवाजाच्या 'सिनिस्टर'वर आहे.